पिकअप उंच करण्याआधी एकदा तिच्या पोटाखाली झोपा

पत्र: काका, नमस्कार. आम्ही पन्हाळा तालुक्यात राहतो. गेल्या वर्षी २०१८ ची डबल कॅब, फोर बाय फोर पिकअप वापरलेली घेतली. पांढऱ्या नंबरप्लेटची, घरचीच गाडी. घरात आई (वय ६८, दोन्ही गुडघे दुखरे), पत्नी, दोन मुलं आणि धाकटा भाऊ. रानात जायला सव्वा किलोमीटरची पाणंद आहे. पावसाळ्यात ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या इतक्या खोल होतात की गाडी मधेच पोटावर बसते. तेवढ्या दिवसांत रोज एक खेप असते. शिवाय महिन्यातून एक-दोनदा गगनबावड्यावरून करूळ घाट उतरून वैभववाडीकडं सासुरवाडीला जाणं होतं. सगळं मिळून महिन्याला १४०० किलोमीटर. टायर संपलेत, साइज २४५/७० आर१६. भाऊ म्हणतो, एकदाच काय ते करू: ३ इंच लिफ्ट, २६५/७५ आर१६ चे मड टायर आणि चाकांच्या नवीन डिस्क. कोटेशन १ लाख ८० हजारांचं आलंय. पत्नी म्हणते, आईंना आत्ताच चढवत नाही, अजून उंच करून काय करणार? मला दोघांचंही पटतं. काय करू?
— एक वाचक, पन्हाळा तालुका

नमस्कार.

आधी उत्तर देतो, मग कारणं. लिफ्ट करू नका. टायर घ्या, आणि चांगले घ्या: कंपनीच्याच मापाचे, ऑल टेरेन (डांबर आणि माती दोन्हींवर चालणाऱ्या) नक्षीचे, पाचही एकदम. मागचे पाटे (पोलादी पानांच्या स्प्रिंग) आणि चारही शॉकअप तपासून जे थकलं असेल ते बदला. एवढं करून पैसे उरतील. ते कुठं घालायचे तेही पुढं सांगतो.

पण या सगळ्याच्या आधी एक काम करा. पुढच्या वेळी गाडी पाणंदीत टेकली की घरी येऊन लगेच धुऊ नका. सपाट फरशीवर लावा, हँडब्रेक ओढा, चाकाला दगड लावा, टॉर्च घ्या आणि पोत्यावर पाठ टेकून गाडीखाली शिरा. जिथं चिखल घासून पत्रा किंवा बीड चकचकीत झालंय, ती जागा शोधा. तुमच्या पत्रात ‘पोटावर बसते’ असं आहे. पोट म्हणजे नेमकं काय, त्यावर सगळं ठरतं. मागच्या अ‍ॅक्सलच्या मधला डिफरन्शियलचा (दोन्ही चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरांचा) गोळा घासतोय? डिझेल टाकीखालचा पत्रा? बाजूच्या पायऱ्या? की मागं बसवलेला टोईंगचा हूक?

माझा अंदाज गोळ्याचा आहे. ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या खोल गेल्या की मधे मातीचा वरंबा उरतो आणि पिकअपचा सगळ्यात खाली लोंबणारा भाग म्हणजे तो गोळा, तोच वरंब्यावर बसतो. आता नीट लक्ष द्या, भावालाही वाचायला सांगा. लिफ्ट किटनं उचलली जाते ती चेसी आणि बॉडी. मागचा अ‍ॅक्सल हा अख्खा एक दांडा आहे, त्याच्या दोन टोकांना चाकं. पाट्याखाली ठोकळा घाला, लांब शॅकल (पाट्याचं टोक चेसीला जोडणारी पट्टी) घाला, ३ इंच करा नाहीतर ६ इंच, तो गोळा जमिनीपासून होता तेवढाच राहतो. त्याची उंची वाढवणारी गोष्ट एकच, टायरचा व्यास, आणि त्यातलीही निम्मीच वाढ खाली मिळते.

हिशोब मांडून दाखवतो. तुमचा आत्ताचा टायर २४५/७० आर१६, व्यास सुमारे ७४९ मिलिमीटर. भावाला हवा तो २६५/७५ आर१६, व्यास सुमारे ८०४. फरक ५५, म्हणजे गोळ्याखाली मिळाले २७ मिलिमीटर, सव्वा इंचाहूनही कमी. तेवढ्यासाठी स्पीडोमीटर सात टक्क्यांनी खोटं बोलणार: काटा ८० वर असताना गाडी ८५-८६ नं पळत असेल. एवढा टायर पूर्ण वळणावर मडगार्डला घासतो, म्हणून मग लिफ्ट लागते. थोडक्यात, ३ इंच लिफ्ट तुमच्या पाणंदीसाठी सुचवलेली नाही, ती त्या टायरला जागा करून देण्यासाठी आहे. कोटेशन पुन्हा काढून बघा.

घासतंय ते टाकीखाली किंवा पायऱ्यांना असेल तर लिफ्टचा उपयोग होतो, हे मान्य करतो. पण तिथंही आधी टेप घेऊन चाकाच्या मध्यापासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंत चारही बाजूंचं माप घ्या. डाव्या-उजव्यात सेंटीमीटरपेक्षा जास्त फरक आला, किंवा रिकाम्या गाडीलाच मागचा पाटा सरळ पट्टीसारखा दिसला, तर पाटे बसलेत. २०१८ ची वापरलेली पिकअप आधीच्या मालकानं काय काय वाहायला वापरली, कुणाला माहीत. नव्या पाट्यांनी गाडी तिच्या मूळ उंचीवर येते आणि बऱ्याच घरी तेवढ्यानंच टेकायचं थांबतं. कोल्हापुरात शिरोली आणि उद्यमनगरात पाट्याची कामं करणारे जुने लोक आहेत. जुन्याच पाट्याला ठोकून बाक देऊ म्हणाले तर नको म्हणा. उष्णतेचा संस्कार नीट झाला नाही तर तो बाक वर्ष-दीड वर्षात उतरतो. आणि ‘एक पान जादा घालू’ यालाही नको म्हणा. रोज टनभर माल वाहणाऱ्यासाठी ते ठीक. तुमच्या गाडीत बहुतेक वेळा पाच माणसं आणि वैरणीचे दोन भारे असतात. जादा पानानं रिकामी गाडी दगडासारखी उडते आणि ते हादरे मागच्या सीटवर बसलेल्या आईंच्या गुडघ्यात जातात.

आता लिफ्टनं काय काय बिघडतं ते, कारण हे विकणारा सहसा सांगत नाही.

सायकलचा पुढचा चिमटा तिरका असतो, म्हणून वेगात हात थोडा सैल सोडला तरी चाक सरळ राहतं. गाडीच्या पुढच्या चाकालाही असाच तिरकेपणा दिलेला असतो, अलाइनमेंटवाले त्याला कॅस्टर म्हणतात. पुढून गाडी उचलली की तो कमी होतो. मग महामार्गावर स्टेअरिंग भटकतं आणि वळणानंतर आपणहून मागं येत नाही. वरच्या आर्मचा बॉल जॉइंट आणि पुढच्या शाफ्टचे जॉइंट त्यांच्या ठरलेल्या कोनाबाहेर फिरायला लागतात. रबरी बूट फाटतात, आत चिखल जातो आणि पूर्ण वळणावर कट-कट आवाज सुरू होतो. स्वस्त कामात शॉकअपच्या स्प्रिंगवर नुसती जाड चकती दाबून बसवतात. त्यानं गाडी उंच दिसते, पण चाकाला खाली जायला जी जागा होती ती तेवढी कमी होते. म्हणजे खड्ड्यात चाक जमिनीला धरून राहायच्या ऐवजी लवकर अधांतरी होतं. चिखलात तुम्हाला नेमकं उलटं हवंय.

आणि ब्रेक. हे मी स्वतः भोगलंय म्हणून जरा सविस्तर लिहितो. बऱ्याच पिकअपच्या मागच्या अ‍ॅक्सलपासून चेसीपर्यंत बोटाएवढा एक दांडा जातो, त्याच्या टोकाला एक झडप असते. हौद्यात वजन पडलं की पाटे दबतात, दांडा हलतो, झडपेला कळतं की मागं लोड आहे, आणि ती मागच्या ब्रेकला जास्त दाब सोडते. रिकाम्या गाडीत मागची चाकं जाम होऊ नयेत म्हणून ती दाब कमी ठेवते. माझ्या जुन्या पिकअपला एका गॅरेजात मागं लांब शॅकल घालून घेतले. दांड्याकडं कुणी बघितलंच नाही. गाडी वर गेली, आणि झडपेच्या लेखी हौदा कायमचा रिकामा झाला. त्या हिवाळ्यात गुळाचे रवे भरून मी आंबा घाट उतरत होतो. पहिली तीन-चार वळणं काही वाटलं नाही. मग पेडल मऊ लागायला लागलं आणि काचेतून करपल्यासारखा वास आला. सगळं ओझं पुढचेच ब्रेक ओढत होते. दुसऱ्या गिअरवर टाकून, कडेला घेऊन थांबलो. पुढच्या ब्रेकच्या डिस्कवर पाण्याचा थेंब पडला तर चर्र आवाज. दुसऱ्या दिवशी उद्यमनगरातल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी खाली शिरून दोन मिनिटांत तो दांडा दाखवला आणि म्हणाले, “ह्याला कोणी सांगितलंच न्हाई गाडी वर गेली म्हणून.” त्याच आठवड्यात मी जुने शॅकल परत घातले.

तुमचा करूळ घाट तर आंब्यापेक्षा अवघड, आणि तुम्ही तो मुलाबाळांना घेऊन उतरता. खासबाग मैदानात कुस्ती बघितली असेल. पवित्रा घेताना पैलवान पाय फाकवतो आणि कंबर खाली नेतो. टाचा उचलून कोणी लढत नाही. गाडी ३ इंच वर, त्यात टपावर कॅरिअर, आणि धुक्यात अचानक समोर बस आली म्हणून जोरात वळवली, तर ती पूर्वीपेक्षा लवकर कलते. तिच्यात ईएससी (घसरताना गाडी सावरणारी यंत्रणा) असेल तर तीही कंपनीच्या उंचीवर बेतलेली आहे. शिवाय हेडलाइट. गाडी पुढून उचलली की दिव्याचा झोत समोरच्याच्या डोळ्यात जातो, आणि गगनबावड्याच्या धुक्यात तोच झोत आपल्याच तोंडावर परत येतो.

कायदाही बघा. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे, नोंदणीतला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलापासून वेगळा पडेल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हेच सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर कलम १८२ अ खाली अशा प्रत्येक बदलामागं ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. दंड एकवेळ भरता येईल. मला जास्त काळजी विम्याची वाटते. न कळवता केलेला बदल सर्व्हेअरच्या नजरेला आला की क्लेम अडतो, आणि तो नेमका अपघातानंतरच नजरेला येतो.

आता टायर. खरं तर तुमचा प्रश्न इथंच सुटणार आहे.

तुम्हीच दिलेले आकडे घेऊ. पाणंद सव्वा किलोमीटर, रोज जाऊन-येऊन अडीच. पावसाळ्यात महिन्याला २५ दिवस धरले तर ६२ किलोमीटर. एकूण १४०० पैकी चिखल साडेचार टक्के, तोही वर्षातले चार महिने. उरलेलं सगळं डांबर आणि काँक्रीट, त्यातलं बरंचसं ओलं. मड टायरच्या गोट्या मोठ्या आणि मधली फट रुंद. खोल काळ्या चिखलात तो स्वतःला साफ करत फिरतो, यात वाद नाही. पण ओल्या डांबरावर त्याचं रबर कमी टेकतं, बारीक चिरा नसल्यानं पाणी फोडता येत नाही, ब्रेक लांब लागतो. वर जड, गोंगाट करणारा, डिझेल जास्त पिणारा. साडेचार टक्क्यांसाठी उरलेल्या साडेपंच्याण्णव टक्क्यांत कुटुंबाला धोक्यात घालू नका. साधा हायवे टायरही नको, त्याची नक्षी आपल्या काळ्या मातीनं दहा पावलांत भरते आणि चाक पुरणपोळीसारखं गुळगुळीत होतं. मधला ऑल टेरेनच तुमचा.

घेताना दुकानदाराला नाव विचारायच्या आधी टायरच्या बाजूवर काय लिहिलंय ते वाचा. साइजच्या पुढं एक आकडा आणि एक अक्षर असतं. १११ म्हणजे एका टायरवर १०९० किलोपर्यंत भार चालतो. तुमच्या दारावरच्या स्टिकरवर किंवा मॅन्युअलमध्ये जो आकडा दिलाय त्याच्या खाली जाऊ नका. त्याच साइजमध्ये एसयूव्हीसाठीचे हलके टायर मिळतात, स्वस्त पडतात, आणि ऊस किंवा खत भरलं की बगलेत फुगतात. अक्षर वेगाचं, एस म्हणजे १८० किलोमीटर, तुम्हाला पुरे. मग चार आकडी लंबगोल शिक्का शोधा. ‘२३२५’ असेल तर तो २०२५ च्या तेविसाव्या आठवड्यात बनला. दीड-दोन वर्षं गोडाऊनमध्ये पडून असलेला टायर ‘ऑफर’ म्हणून गळ्यात मारला जातो. सहा महिन्यांच्या आतला मागा, पाचही एकाच सुमाराचे मागा.

पाच का, ते सांगतो. तुमची फोर बाय फोर अर्धवेळची आहे. फोर एचमध्ये (चारही चाकांना ताकद) पुढचा-मागचा अ‍ॅक्सल एकमेकांना कडक जोडले जातात, मधे सूट देणारा डिफरन्शियल नसतो. पुढं नवे आणि मागं झिजलेले टायर असले तर चाकांचे फेरे जुळत नाहीत आणि सगळा ताण ट्रान्सफर केसवर (पुढं-मागं ताकद वाटणाऱ्या गिअरच्या डब्यावर) येतो. स्टेपनी जुनीच राहिली आणि चिखलात पंक्चर झालं तरी तेच. यावरूनच आणखी एक: कोरड्या डांबरावर फोर एच लावून कधी चालवू नका. पाणंद संपली की टू एच (फक्त मागच्या दोन चाकांना ताकद).

हवा दाराच्या स्टिकरप्रमाणे, रिकाम्याला एक आणि लोडला वेगळी. बहुतेक लोक वर्षभर एकच ठेवतात. पाणंदीसाठी मात्र एक युक्ती करा. चिखल सुरू व्हायच्या आधी चारही चाकं २० पीएसआयवर उतरवा, टायर पसरतो आणि दलदलीवर तरंगल्यासारखा जातो. वेग बैलगाडीचा, वळण हळू, गिअर फोर एल (चारही चाकांना ताकद, पण हळू वेगाचा). डांबर आलं की थांबून पुन्हा भरायची, २० वर महामार्गावर गेलात तर टायर तापून फाटेल. त्यासाठी बॅटरीवर चालणारा चांगला कंप्रेसर आणि घड्याळाचा गेज घ्या. मला विचाराल तर तुमच्या गाडीवर होणाऱ्या सगळ्या खर्चात जास्त उपयोग याच कंप्रेसरचा होईल.

कायद्यानं नक्षी १.६ मिलिमीटरपर्यंत चालते. घाटात पाऊस पडतो त्या बाजूला जाणाऱ्यानं ३ वर आली की बदलावी. दर ८-१० हजार किलोमीटरला टायर पुढं-मागं करा आणि नवे बसवल्यावर अलाइनमेंट करून त्याचा छापील कागद मागून घ्या.

उरलेल्या पैशांतून काही पाणंदीत घाला. वरंबा हाच शत्रू आहे, तर वरंबा काढा. शेजारचे चार शेतकरी मिळून एक दिवस ब्लेडचा ट्रॅक्टर लावा, मधला उंचवटा कापून चाकोऱ्यांत ओढा, वर मुरमाच्या ट्रॉल्या टाका, आणि मुख्य म्हणजे कडेला चर काढा, पाणी थांबलं की मुरूमही थांबत नाही. मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना २०२१ मध्ये आली. ग्रामपंचायतीत ठराव घेऊन आपली पाणंद त्यात किंवा सध्या चालू असलेल्या तशाच योजनेत सुचवता येते का, ते ग्रामसेवकांना विचारा. तोवर एका बाजूचं चाक वरंब्यावर आणि दुसरं चाकोरीबाहेरच्या कडेवर ठेवून चालवा. गोळा वरंब्याच्या बाजूला जातो, टेकत नाही.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाही, पण भावाच्या मनात असणार म्हणून लिहितो. २०१९ आणि २०२१ चा महापूर बघितल्यावर आपल्याकडं बऱ्याच तरुणांनी ‘पुरात चालेल’ म्हणून गाड्या उंच केल्या. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट आहे, आणि तिथवर जायच्या आधीच कितीतरी रस्ते आणि बंधारे पाण्याखाली जातात. वाहतं पाणी दोन फूट झालं की बहुतेक गाड्या उचलून नेतं, पिकअपसुद्धा. पत्र्याचा डबाच तो, तरंगतो, आणि तरंगला की कितीही भारी टायर असो, धरायला जमीन नसते. रस्ता दिसत नसेल तर गाडी वळवा, लिफ्ट असो नसो.

भावाला नाराज करू नका. त्याला गाडी आवडते, ती खमकी दिसावी वाटते, यात वाईट काही नाही. ऑल टेरेन टायर कंपनीच्याच डिस्कवरही चांगले दिसतात. टाकी आणि ट्रान्सफर केसखाली जाड पत्र्याची प्लेट त्याच्याच देखरेखीखाली बसवून घ्या. टेकली तरी काही फुटणार नाही, असा तिचा खरा उपयोग आहे. आणि पुढचे रिकव्हरी हूक, ओढायचा पट्टा, फावडं, ही सगळी जबाबदारी त्याच्याकडं द्या. समोर लोखंडी गार्ड मात्र नको, २०१७ पासून केंद्राचे त्यावर कारवाईचे आदेश आहेत, आणि एअरबॅगच्या सेन्सरच्या कामात ते आडवं येतं.

तुमच्या पत्नींचं म्हणणं मी शेवटी घेतोय, पण काम म्हणून ते पहिलं करा. आई ज्या दारानं चढतात तिथली पायरी जमिनीपासून किती उंच आहे ते मोजा. जिन्याची पायरी सात इंचांच्या आसपास असते, गुडघे दुखणाऱ्या माणसाला दीड फुटाची पायरी म्हणजे शिक्षा. त्या बाजूला खाली घडी होणारी आणखी एक पायरी बसते, ती घ्या, पाणंदीत जाताना वर दुमडायची. दाराच्या खांबाला आत धरायचं हँडल आहे का बघा, नसेल तर मजबूत बसवून घ्या, चढताना हातावर भार घेता आला की गुडघ्याचा निम्मा त्रास वाचतो. हे एका दुपारचं काम आहे. टायर आणि पाटे मे संपायच्या आत करा, पहिल्या पावसाला दुकानात रांग असते.

गाडीखालचे फोटो आणि चारही चाकांची मापं पाठवलीत तर पाट्याचं काय करायचं ते नक्की सांगेन.